काळीतलं घर

“मातीखाली म्या निजायची न्हाई. तुला बांधायचं ते बांध.”

आईनं हे सुनावलं तेव्हा पायासाठी कुदळही पडली नव्हती. मी जुन्या हिशेबवहीच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिलीनं घर काढत होते. दोन खोल्या, पुढं ओसरी, वर माळवद, म्हणजे मातीचं छत. लहानपणी आजोळी दुपारच्या वेळी आम्ही सहा-सात पोरं ज्या गारव्यात ओळीनं आडवी व्हायचो, तो गारवा मला हवा होता. छताला ठेवलेल्या भोकातून, सवण्यातून, उन्हाची एक तिरीप खाली यायची आणि जमिनीवरून सरकत राहायची. ती जात्यापाशी पोचली की आजी चहाचं आधण ठेवायची. घड्याळ होतं घरात, पण ते मामाच्या हातावर आणि मामा दिवसभर रानात. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ वर जातो, आमच्या भाड्याच्या घराचा स्लॅब रात्री एकपर्यंत तव्यासारखा तापलेला असतो, आणि दरवर्षी अशा एखाद्या रात्री गच्चीवर पाणी मारताना मला ती तिरीप आठवायची.

ज्या घरात ती तिरीप यायची, ते घर किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी पडलं. आईचं माहेर सास्तूरच्या बाजूचं. तिची थोरली चुलती त्या घराखाली गेली. आदल्या दिवशी गणपती पोचवून माणसं दमून निजली होती. एकूण दहा हजारांच्या घरात माणसं गेली त्या पहाटे, आणि आमच्या घरी त्यातल्या एकीचंच नाव दर पितृपंधरवड्यात घेतलं जातं.

तर मी काढत होते ते घर हे होतं. ठाऊक असून काढत होते. माणसाला गारवा आठवतो, बाकीचं त्याला कुणीतरी आठवून द्यावं लागतं.

त्या आठवड्यात मी पेन्सिल ठेवली आणि ती घरं का पडली हे वाचायला बसले. टॉवेलच्या कारखान्यात अठरा वर्षं हिशेब लिहिले; २०२१ मध्ये कारखान्यानं माणसं कमी केली, त्यात मी घरी आले. वाचायला वेळ होता. कळलं ते असं. भिंती दोन-अडीच फूट रुंद, पण ती रुंदी फसवी. आतून एक दगडी पदर, बाहेरून एक, मधे चिखल आणि बारका धोंडा. दोन पदरांना शिवणारे आरपार दगड फारसे नाहीत. जमीन हलली की पदर एकमेकांपासून सुटतात, पोट फुगतं आणि भिंत ढासळते. वर माळवद: तुळया, त्यावर बारक्या लाकडांची किलचण, पाला, तुराट्या आणि मग पांढरी माती. ही माती पावसाळ्याआधी दरवर्षी थोडी थोडी वाढवतात, जुनी कुणी काढत नाही. आजा-पणज्याच्या हातच्या सगळ्या पाट्या वरच साठलेल्या. बऱ्याच ठिकाणी लाकडी खांबांवर पेललेले खण तगले आणि भोवतालच्या भिंती मात्र आडव्या झाल्या, हेही वाचलं. तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. आणि मातीच्या नि साध्या दगडी घरांना भूकंपात तगवायचं कसं, ते सांगणारी दोन भारतीय मानकं, १३८२७ आणि १३८२८, त्यांच्यावरही साल १९९३ च आहे. मी ते साल दोनदा तपासलं.

मग मी हिशेब केला, कारण मला तेवढंच येतं. आमचं घर ४८० चौरस फुटांचं, म्हणजे साधारण ४५ चौरस मीटर. त्यावर एक फूट माती म्हणजे बावीस-तेवीस टन. साडेचार इंची साधा स्लॅब तेराएक टन. पत्रा असेल तर टनभरही नाही. हे आकडे आईला वाचून दाखवले. ती शेंगा फोडत होती.

“बावीस टन म्हंजे किती ट्रक?”

“दोन. भरून.”

“दोन ट्रक डोक्यावर घिऊन निजायचं,” ती म्हणाली आणि टरफलं झाडायला उठली. माळवदाचा विषय तिथंच संपला.

पण स्वस्तात आणि स्वतःच्या हातानं बांधायचं हा हट्ट संपला नव्हता. जागा होती: हैदराबाद रोडवरून आत, बोरामणीच्या बाजूला, वडिलांच्या वाटणीतले वीस गुंठे. काळी जमीन. इथं आमच्या भाषेनंच मला सावध करायला हवं होतं. गावठाणाला आपण ‘पांढरी’ म्हणतो आणि शेताला ‘काळी’. घर पांढरीत, पीक काळीत. लहानपणी मला वाटायचं हे नुसते मातीचे रंग आहेत. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आवळते. एप्रिलमध्ये आमच्या रानातल्या भेगेत मनगटापर्यंत हात जातो. पोराच्या हातातला मोजायचा टेप अशाच एका भेगेत गेला तो गेलाच. अशा जमिनीवर उथळ पाया घातला की दरवर्षी घर इंचभर वर, इंचभर खाली. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा सुटतात आणि माणसं गवंड्याला शिव्या घालतात. जुनी माणसं काळीत घर बांधत नव्हती, आणि त्यांना कुणी माती-परीक्षणाचा अहवाल दिलेला नव्हता.

मुरूम साडेपाच फुटांवर लागला. तिथपर्यंत खणलं, डबराचं बांधकाम वर आणलं, जोत्याच्या आतली काळी माती सगळी उपसून टाकली आणि तिथं मुरूम भरला. सहा-सहा इंचांचा थर, पाणी, मग भर ठोकून बसवायची जड धुम्मस. धुम्मस हे काय प्रकरण असतं ते ज्यानं चालवलं नाही त्याला सांगून कळत नाही. पहिल्या दिवशी मजा वाटते, तिसऱ्या दिवशी जेवताना घास तोंडापर्यंत नेताना हात थरथरतो. घराभोवती तीन फुटांचा फरशीचा पट्टा काढला, पावसाचं पाणी पायाशी मुरू नये म्हणून. आईला दारात कडुनिंब हवा होता. त्याला पंचवीस फुटांवर नेऊन लावला, कारण झाडाच्या मुळ्या काळीतलं पाणी ओढतात आणि त्या बाजूची जमीन बसते. आई अजून म्हणते की दारातल्या झाडाला भेटायला गाडी करून जावं लागतं.

या सगळ्याला एक लाख अडतीस हजार लागले. जमिनीखाली. वर अजून एक वीटही दिसत नव्हती आणि गावातली माणसं येऊन विचारत होती, “बांधकाम कधी सुरू करणार?”

याआधी मी एक चूक करून बसले होते, तीही सांगते. दुसऱ्या शहरात मातीच्या घरांची तीन दिवसांची कार्यशाळा केली होती, साडेसात हजार भरून. आम्ही वीसेक जण गाणी लावून चिखल तुडवत होतो. फोटो फार छान आले. तीन दिवसांत एकानंही विचारलं नाही की तुमच्याकडची माती कुठली. ती घरी येऊन मीच पाहिली: काचेच्या बरणीत माती, वर पाणी, हलवून ठेवायचं. वाळू पहिल्यांदा तळाला बसते, गाळ नंतर, चिकणमाती सगळ्यांत शेवटी. आमच्या बरणीत तळाला बोटभर वाळू बसली आणि वरचं पाणी दोन दिवसांनंतरही गढूळच. तरी मी हौसेनं चाळीस विटा थापल्या. उन्हात आठवड्याभरात एकेक वीट बिस्किटासारखी फुटली. सिमेंट घालून पाहिलं तरी असल्या चिकट मातीला ते धरत नाही. चुना धरतो म्हणतात, पण तोवर माझी हौस फिटली होती. त्या चाळीस विटा कोंबड्यांच्या खुराड्याला लागल्या.

लॉरी बेकर यांच्याबद्दल तेव्हा वाचलं होतं. इंग्लंडात १९१७ मध्ये जन्मलेला माणूस केरळात वर्षानुवर्षं स्वस्त घरं बांधत राहिला. तरुणपणी मुंबईत गांधीजींची भेट झाली आणि त्यांनी सांगितलं की घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधावं, अशी आठवण ते सांगत. ऐकायला सुंदर. मी आमच्याभोवती पाच मैलांचं वर्तुळ काढलं. त्यात काय येतं? काळा दगड, मुरूम, तुराट्या, बाभूळ, आणि माती, जिची कथा वर आली. वर्तुळ थोडं ताणलं, वीसेक किलोमीटर, की फताटेवाडीचा वीजप्रकल्प येतो. ६६० मेगावॉटचे दोन संच, आणि रोज जळणाऱ्या कोळशाची राख. त्या राखेच्या विटा. गांधीजींच्या मनात हे नसणार, पण आमच्या भागातलं आजचं ‘स्थानिक साहित्य’ हेच आहे. भट्टीच्या लाल विटेला धग कमी-जास्त लागते, दोन विटा एका मापाच्या मिळतील तर शपथ. राखेची वीट मापात असते, आणि मला जी भिंत घालायची होती तिला मापच लागत होतं.

ती भिंत म्हणजे बेकरांनी केरळात रुळवलेली. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करायची. दोन विटा समांतर, मधे तीन इंच पोकळी, मग एक वीट, कडेवरच पण आरपार, दोघींना जोडणारी. भिंत नऊ इंचांचीच राहते, पण चौथा हिस्सा विटा वाचतात, माल कमी लागतो आणि मधली हवा ऊन अडवते.

आमचे मिस्त्री कर्नाटकातल्या इंडीकडचे. मराठी बोलतात, विटा मात्र कानडीत मोजतात. ओंदु, येरडु, मूरु. त्यांनी पहिला थर पाहिला आणि मागं सरले. “अक्का, ही भिंत हाय का उंदराचा सापळा?” त्यांना ठाऊक नव्हतं, पण या जोडणीचं इंग्रजी नावच तसं आहे, ‘रॅट ट्रॅप बाँड’. मी सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत; असल्या नावाची भिंत कुणी शहाणा माणूस घरात घालणार नाही हे त्यांचं मत त्यामुळं पक्कंच झालं. सात फुटांपर्यंत मी रोज त्यांच्याबरोबर उभी राहिले. मी जेवायला गेले की ते पोकळीत दोन थाप्या माल टाकायचे. “राहू दे की ओ, भरीव बरं असतंय.” भिंत ठोकली तर अजूनही आवाजावरून सांगता येतं, मी कुठल्या दुपारी जेवायला गेले होते.

एका बाबतीत मात्र ते माझ्याहून कडक निघाले. कोपऱ्यांच्या पोकळीतून उभ्या सळया सोडायच्या आणि तिथं काँक्रीट भरायचं. जोत्यावर, खिडकीखाली, दरवाज्यावर आणि छताखाली घराभोवती सलग पट्टा बांधायचा, पेटीला दोरी आवळतात तसा. हे सगळं इंजिनिअरकडून नकाशावर काढून आणलं होतं. आठ हजार घेतले त्यांनी, आणि वहीत त्या रकमेपुढं मी ‘महाग’ लिहिलं नाही. वरच्या पट्ट्याची सळई एका कोपऱ्यात वाकवून पुढं न्यायची राहिली होती. मला ते दिसलंच नसतं. मिस्त्रींनी माल कालवलेला असताना काम थांबवलं, माल वाया घालवला. “किल्लारीला मी गेलतो अक्का, ढिगारे काढाया. बावीस वर्साचा होतो.” त्यानंतर ते तासभर काही बोलले नाहीत, कानडीतही नाही.

छताचं शेवटी असं झालं. स्लॅब वाकतो तेव्हा वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दाब काँक्रीट सोसतं, ताण लोखंड. मग खालच्या भागात, सळयांच्या मधल्या चौकोनांत, काँक्रीटचं काम फक्त सळईला धरून ठेवण्यापुरतं. तिथलं थोडं काँक्रीट काढून मंगलोरी कौलं बसवली तर छताचं वजन उतरतं, सिमेंट वाचतं, आणि दोन कौलं एकमेकांवर पालथी घातली की मधे हवा राहते. कौलं मिळाली गिरणीच्या जुन्या चाळीच्या पाडापाडीतली, सात रुपयाला एक. सोलापुरात १८७७ पासून गिरण्या उभ्या राहिल्या, त्यांच्यासोबत चाळी आल्या, आणि आता त्या उतरवल्या जातात तेव्हा त्यांचं सागवान, कौलं, खिडक्यांचे गज असे ढीग रस्त्याकडेला विकायला असतात. काही कौलांवर आतून काजळी होती. कुणाच्या तरी चुलीवरची. मी ती घासली नाही.

कौलं रात्रभर पाण्यात भिजवली, नाहीतर ती काँक्रीटचं पाणी ओढून घेतात. स्लॅबच्या दिवशी चौदा माणसं, मिक्सर, सकाळी सात ते दुपारी चार. धांदलीत स्वयंपाकघरावरचं एक कौल सरकलं आणि ते वाकडंच गोठलं. मुलगा म्हणतो, भाकरी करपली की त्या कौलाकडं बघायचं.

आपल्याकडं स्वस्त घर म्हटलं की माणसं सोलापूरजवळच्या कुंभारीचं नाव घेतात, आणि बरोबरच घेतात. विडी कामगारांसाठी गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरं २००६ मध्ये झाली. मग रे नगरची तीस हजारांची योजना, त्यातली पंधरा हजार घरं १९ जानेवारी २०२४ ला ताब्यात दिली. कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईची आई गोदूताईत राहते. ती म्हणाली, “आमच्या आईनं मोर्चे काढून घर मिळवलं, तुम्ही विटा वाहून.” मला ते टोचलं. माझ्याकडं वीस गुंठे होते, रिकामा वेळ होता, नवऱ्याचा शिक्षकाचा पगार होता. हे तिन्ही ज्याच्याकडं नाही त्याला ‘स्वतः बांधा, स्वस्त पडतं’ असं सांगणं म्हणजे उपाशी माणसाला घरी दही लावायला सांगण्यासारखं आहे.

पाण्याचा हिशेब सोपा आहे आणि मला तो करायला आवडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ओसरी धरून आमचं छप्पर ५५ चौरस मीटर, आणि आमच्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतं. तीस हजार लिटर. सांडलं-उडालं ते वजा करून चोवीस. पण हा पाऊस रोज थोडा थोडा येत नाही, सप्टेंबरात चार रात्री येतो आणि उरलेलं वर्ष आठवणीवर काढायचं. म्हणून दहा हजार लिटरची टाकी, कोंबडजाळी आणि सिमेंटच्या दीड इंची गिलाव्याची, आम्ही दोघांनी बांधली. चार माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज चाळीस लिटर, म्हणजे अडीचशे दिवस. एप्रिलमध्ये ती बांधली आणि तिला पोती गुंडाळून दोन आठवडे ओली ठेवायला टँकर विकत घ्यावा लागला. पाण्याच्या टाकीला पाणी पाजायला पाणी विकत! वर ती झिरपली. दोन वेळा गिलावा उकरून पुन्हा केला. मोहोळ तालुक्यात अंकोलीला अरुण देशपांडे यांनी पाण्याची बँक उभी केली, ते आम्ही कौतुकानं ऐकत आलो. बँक काढायची म्हणजे आधी आपलं खातं गळू द्यायचं नाही, हे टाकीनं शिकवलं.

बाकी ‘स्वयंपूर्ण’ वगैरे शब्द मी आता वापरत नाही. दोन उस्मानाबादी शेळ्या आणल्या, त्यांनी पहिल्याच महिन्यात शेवग्याची सहा रोपं खाल्ली. पाच कोंबड्या मुंगसानं नेल्या. मालदांडी ज्वारी मात्र भरवशाची. मोहोळच्या केंद्रातून आलेलं हे वाण परतीच्या पावसाच्या ओलीवर उभं राहतं, एक पाणी न देता. जी काळी माझ्या पायाखाली धड उभी राहत नव्हती, ती ज्वारीसाठी फेब्रुवारीपर्यंत ओल धरून बसते. साडेपाच फूट खणताना मी तिला जेवढं बोलले, त्यातलं निम्मं मागं घेतलं. निम्मंच.

आता वही. ठेकेदारानं चौरस फुटाला १,७५० सांगितले होते, म्हणजे आठ लाख चाळीस हजार, पाच महिन्यांत. आम्हाला लागले पाच लाख बासष्ट हजार, चौदा महिन्यांत. वाचले दोन लाख अठ्ठ्याहत्तर हजार. इथवर लिहून मी वही मिटली असती तर मलाही फार बरं वाटलं असतं. पण नऊ महिने जादा भाडं गेलं, साडेसहा हजारांनी, ५८,५००. आणि आमची मजुरी. नवऱ्याचे रविवार-सुट्ट्या मिळून ७४ दिवस, माझे ११८. गावात पुरुषाची हजेरी सहाशे आणि बाईची तीनशे. त्याच्या दिवसांपुढं मी सहाशे लिहिले, स्वतःच्या पुढं तीनशे, बेरीज केली आणि पुढच्या पानावर गेले. रात्री झोपताना लक्षात आलं. धुम्मस दोघांनी चालवली होती, विटा दोघांनी वाहिल्या होत्या, आणि हजेरी लावणारी मी स्वतः होते. सकाळी खोडून सहाशे केले. मजुरी १,१५,२००. भाडं धरून, सगळं वजा जाता वाचले एक लाख चार हजार तीनशे. मिस्त्रींनी वाया घालवलेला तो माल मी खर्चात धरलेला नाही.

आई आमच्याकडं राहायला आली. स्लॅबखालच्या खोलीत तिची खाट लावली. कौलांकडं बराच वेळ बघत राहिली, मग खाटेची जागा दाराजवळ घेतली. दारापासून दोन पावलं. मी काही बोलले नाही.

अनंत चतुर्दशीच्या रात्री ती घरात निजत नाही. ९३ पासून एकदाही नाही. सोलापुरात असली तरी गच्चीवर किंवा जिन्याखाली अंथरूण टाकते. या वर्षी अंगणात खाट टाकली. मीही शेजारी चटई टाकली. दोनच्या सुमारास पाऊस आला, सप्टेंबरातला, सांगून न येणारा. मी खाट उचलून घरात न्यायला लागले, तर तिनं दुसऱ्या बाजूनं खाट धरली आणि ओसरीत ठेवली. ओसरीवर स्लॅब नाही, नुसती कौलं आहेत, चाळीतलीच. टाकीत पन्हाळीचं पाणी पडायला लागल्याचा आवाज येत होता.

थोड्या वेळानं अंधारातून तिनं विचारलं, “या एका कौलाचं वजन किती गं?”

“असेल दोन-अडीच किलो.”

“बरं,” म्हणाली, आणि कूस वळवली.